आर्वेन वादळ आणि ‘संध्याकाळपर्यंत वीज येईल’

२६ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. ब्रिटनच्या हवामान खात्याने स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासून इंग्लंडच्या ईशान्य भागापर्यंत वाऱ्याचा लाल इशारा दिला होता. दुपारी तीनपासून मध्यरात्र उलटून दोनपर्यंत. लाल इशारा तिथे क्वचितच निघतो. त्या रात्री नॉर्थम्बरलँडमधल्या ब्रिझली वूडला वाऱ्याचा वेग ताशी ९८ मैल, म्हणजे जवळपास १५८ किलोमीटर नोंदला गेला. झाडं अंगावर पडून तीन माणसं गेली. देशभरात दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. त्यातल्या बहुतेकांची एक-दोन दिवसांत परत आली. जवळपास ४,००० घरं मात्र आठवड्याहून जास्त काळ अंधारात राहिली आणि ती बहुतेक खेड्यांतली, डोंगरउतारावरची, रस्त्यापासून आत असलेली होती.

हे प्रकरण त्या घरांचं आहे. इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की आपल्याकडे दगडी घरं, हिरवी कुरणं आणि मेंढ्या एवढंच डोळ्यांपुढे येतं. तिथलं रोजचं जगणं किती गोष्टींवर तोललेलं आहे आणि त्यातली एक निसटली की काय होतं, ते या वादळात उघडं पडलं. सगळं वाचून माझं मत असं झालं, की वीज जाण्याने लोकांचे हाल झालेच. पण ती कधी येणार याचं रोज एक नवं, चुकीचं उत्तर मिळत गेल्याने ते कितीतरी पटीने वाढले.

वेअरडेल हे यातलं एक ठिकाण. डरहॅम काउंटीच्या पश्चिमेला वेअर नदीचं हे खोरं. स्टॅनहोपवरून वर निघालं की ईस्टगेट, वेस्टगेट, सेंट जॉन्स चॅपल, वेअरहेड अशी गावं ए-६८९ रस्त्यावर एकामागून एक लागतात. पुढे हाच रस्ता किलहोप क्रॉसला ६०० मीटरच्या वर चढतो आणि कुंब्रियातल्या ऑल्स्टनकडे उतरतो. रूकहोपसारखी गावं तर बाजूच्या खोऱ्यात, आणखी आत. एकेकाळी इथे शिशाच्या खाणी होत्या. खाणकामगार खाणीत राबायचे आणि जोडीला दोन-चार गुरं, थोडं गवत, असं लहानसं शेतही सांभाळायचे. म्हणून इथली घरं गावठाणात दाटीने नाहीत, उतारावर सुटी सुटी विखुरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणी बंद पडत गेल्या, घरं राहिली. पुढे वीज आली तेव्हा या एकेका घरासाठी वेगळी तार ओढावी लागली. २०२१ च्या नोव्हेंबरात जे झालं त्याचं मूळ इतकं मागे जातं.

या तारा जमिनीखालून नाहीत. लाकडी खांबांवरून अकरा हजार व्होल्टची लाइन कुरणांतून, झाडीतून जाते. खांबावरच छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आपल्याकडच्या डीपीचं धाकटं रूप, आणि तिथून एक-दोन घरांना जोडणी. एरवी वारा-पाऊस या लाइनी सोसतात. आर्वेनचा वारा मात्र उलट्या दिशेचा होता. ब्रिटनमध्ये वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो आणि झाडांची मुळं वर्षानुवर्षं त्याच माऱ्याला तोंड देत घट्ट झालेली असतात. आर्वेन आलं उत्तर-ईशान्येकडून. शंभर-दोनशे वर्षं उभी असलेली झाडं मुळासकट उपटली गेली. नॉर्थम्बरलँडमधल्या वॉलिंग्टन इस्टेटीत अठराव्या शतकात लावलेले ओक आणि बीच होते, त्यातले निम्म्याहून जास्त एका रात्रीत गेले. झाड रस्त्यावर पडलं तर कापून बाजूला करता येतं. ते लाइनवर पडतं तेव्हा खांब मोडतो, तार तुटते आणि शेजारचे दोन-तीन खांबही ओढले जातात. त्यावर बर्फ. शेताडीत ट्रक जात नाही आणि लाइनमनला खांद्यावर सामान घेऊन चालत जावं लागतं.

कोकणात वाढलेल्या माणसाला हे चित्र अनोळखी नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडे आडवे पडलेले खांब आणि आठवडेच्या आठवडे चाललेला अंधार आपण पाहिला आहे. तिथे डोक्यावरचं छप्पर गेलं होतं. वेअरडेलची दगडी घरं उभीच होती, पण आत थंडी होती. वादळ सरल्यावर लगेच कडाका पडला आणि कुंब्रियातल्या शॅपला पारा उणे आठच्या खाली गेला.

आता वेअरडेलच्या वरच्या अंगाचं एक नेहमीसारखं शेतघर समोर आणू या. हे कुणा एका कुटुंबाचं नाही. तिकडे अशी घरं शेकड्यांनी आहेत.

घरामागे हिरव्या प्लास्टिकची टाकी, तिच्यात हजार-बाराशे लिटर रॉकेल. पाइपचा गॅस इतक्या वर येत नाही, म्हणून घर तापवायला रॉकेलचा बॉयलर. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी बॉयलरला ठिणगी लागते, पंखा लागतो, गरम पाणी रेडिएटरपर्यंत ढकलायला पंप लागतो, आणि हे सगळं विजेवर. शुक्रवारी रात्री वीज गेली तेव्हा टाकीत महिनाभराचं इंधन होतं आणि घर तासागणिक गार होत गेलं.

पाणी नळ कंपनीचं नाही, बोअरचं किंवा झऱ्याचं. बोअरला पंप, झऱ्याच्या पाण्यालाही जंतू मारणारा अतिनील दिवा. वीज गेली की पंप बंद, दिवा बंद. म्हणजे प्यायला पाणी नाही, गोठ्यातल्या हौदात पाणी नाही, संडासात ओतायलाही नाही. सांडपाण्याचं छोटं शुद्धीकरण यंत्र असेल तर तेही थांबलेलं.

कोठीच्या खोलीत पेटीसारखा मोठा फ्रीजर. त्यात अर्धी मेंढी कापून पिशव्यांत भरलेली, उन्हाळ्यातल्या शेंगा, बेरी, नाताळसाठी आधीपासून करून ठेवलेलं काहीबाही. दुकान दहा-पंधरा मैलांवर, हिवाळ्यात रस्ता कधीही बंद होतो, म्हणून घरात साठा लागतोच. झाकण उघडलं नाही तर माल दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवसापासून वरच्या पिशव्या मऊ पडू लागतात. मग प्रश्न येतो: काढून बाहेर बर्फात पुरायच्या, की आज वीज येईल म्हणून झाकण तसंच ठेवायचं?

फोन. जुना, तारेने भिंतीला जोडलेला फोन असेल तर तो चालतो, कारण त्याला लागणारी वीज तांब्याच्या तारेतूनच टेलिफोन एक्स्चेंजकडून येते आणि एक्स्चेंजला मोठ्या बॅटऱ्या असतात. पण बहुतेक घरांत आता कॉर्डलेस फोन, आणि त्याचा तळ घरच्या प्लगला जोडलेला. तो मेला. मोबाइलच्या टॉवरची बॅटरी बऱ्याचदा तास-दोन तासच टिकते, आणि खोऱ्यात आधीच रेंज नसल्यासारखी. इंटरनेट गेलंच.

उरली शेगडी. बैठकीच्या खोलीत लाकूड किंवा कोळशाची लोखंडी शेगडी असेल तर घर वाचलं. सगळ्यांनी त्या एका खोलीत झोपायचं, त्याच शेगडीवर किटली, त्यावरच डबाबंद सूप. नोव्हेंबरअखेर तिथे पावणेचारला सूर्य मावळतो आणि सकाळी आठला उगवतो. सोळा तासांची रात्र, एका शेगडीच्या उजेडात. ज्यांनी घर नवं करताना शेगडी काढून टाकून सगळं विजेवर आणलं होतं, त्यांच्याकडे हेही नव्हतं.

मुंबई-पुण्यात वीज गेली की एक गोष्ट जाते, फार तर दोन. इथे एका तारेबरोबर ऊब, पाणी, अन्न, फोन आणि जनावरांचा हौद असं सगळंच गेलं.

अशा घरातली सत्तरी-पंचाहत्तरीतली माणसं मुलीकडे किंवा मित्राकडे, नाहीतर खालच्या गावातल्या हॉटेलात का गेली नाहीत? काहींना जाता येत नव्हतं. नोव्हेंबर हा मेंढ्यांच्या फळण्याचा हंगाम, एडके कळपात सोडलेले असतात, कळप सोडून जाणं शक्यच नाही. काहींचा रस्ता बंद होता. पण बरेच जण गेले नाहीत त्याचं कारण सोपं होतं. त्यांना सांगण्यात आलं होतं की वीज आज येईल.

वीज गेल्याचं कळवायला ब्रिटनभर १०५ हा एकच नंबर आहे, २०१६ पासून. ज्यांचा फोन चालू होता त्यांनी तो लावला. लाइन लागायला कितीतरी वेळ जात होता, कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकून पाहायची सोय भार न पेलून कोलमडली. ज्यांना उत्तर मिळालं त्यांना बहुधा एक वेळ सांगितली गेली: संध्याकाळी सहा, रात्री दहा, उद्या दुपार. ती वेळ उलटली की नवी वेळ. असं चार दिवस, पाच दिवस, काही घरांत त्याहूनही जास्त.

वीज नियामक ऑफजेमने पुढे चौकशी केली तेव्हा चुकीच्या वेळा देणं हा कंपन्यांच्या मोठ्या दोषांपैकी एक ठरला. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं, आणि मला तोच भाग जास्त गंभीर वाटतो. एरवी झाडाची फांदी पडून फीडर बंद झाला तर दुरुस्तीला किती वेळ लागतो याचा अंदाज यंत्रणेत तयारच असतो. वादळात हजारो ठिकाणी एकाच वेळी मोडतोड झाली आणि ती पाहायला माणसं पोचायच्या आधीच नेहमीचे अंदाज लोकांपर्यंत जात राहिले. दुसरी अडचण जाळ्याच्या रचनेतली. अकरा हजार व्होल्टची लाइन तुटली तर नियंत्रण कक्षात ते दिसतं. शेवटच्या डीपीपासून तीन घरांकडे जाणारी बारीक तार तुटली तर ते तिथे दिसत नाही. मोठी लाइन जोडली की पडद्यावर सगळा भाग हिरवा होतो, आणि ती तीन घरं अंधारातच राहतात. त्यांनी फोन केला तरच कळणार. आणि त्यांचा फोन बंद.

त्यात दुरुस्तीचा क्रम. ज्या दुरुस्तीने जास्त घरं उजळतील ती आधी, हा नियम न्याय्यच आहे, गावातली दोनशे घरं सोडून उतारावरच्या दोन घरांकडे आधी जा असं कुणी म्हणणार नाही. पण या नियमात उतारावरची घरं नेहमी शेवटी येणार हे पहिल्याच रात्री ठरलेलं असतं. मग पहिल्याच दिवशी त्यांना तसं सांगायला हवं होतं: ‘तुमची लाइन शेवटी येईल, पाच दिवस धरून चाला, जमलं तर निघा.’ एवढं ऐकलं असतं तर माणसं फ्रीजरमधलं मांस बर्फात पुरून मुलीकडे गेली असती, शेजाऱ्याच्या हवाली जनावरं केली असती, औषधं आणून ठेवली असती. संध्याकाळी सहाच्या आशेवर बसलेला माणूस यातलं काहीच करत नाही. तो आणखी एक ब्लँकेट घेतो.

याच रात्री, इथून थोड्या अंतरावर, एक अगदी वेगळी गोष्ट घडत होती. यॉर्कशायर डेल्समध्ये टॅन हिल इन हा पब आहे, समुद्रसपाटीपासून १,७३२ फुटांवर, ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा. शुक्रवारी रात्री तिथे ओएसिस बँडची गाणी वाजवणाऱ्या ‘नोएसिस’ नावाच्या मंडळींचा कार्यक्रम होता. बर्फ साचलं, रस्त्यात विजेच्या तारा पडल्या आणि ६१ माणसं तीन रात्री आत अडकली. कुणी सोफ्यावर झोपलं, कुणी जमिनीवरच्या गादीवर. प्रश्नमंजुषा झाली, कॅरिओकी झाली, सिनेमे लावले गेले. सोमवारी रस्ता मोकळा झाला तेव्हा अनोळखी म्हणून आलेली माणसं मित्र होऊन बाहेर पडली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली.

ही बातमी खोटी किंवा उथळ नव्हती. ग्रामीण इंग्लंडचा तो खराखुरा चांगुलपणा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. फरक एवढाच, की टॅन हिलवरच्या माणसांना पहिल्या तासातच कळलं होतं: रस्ता बंद आहे, आपण इथेच आहोत. शेगडी होती, स्वयंपाकघर भरलेलं होतं, आणि कुणी ‘तासाभरात सुटाल’ असं सांगत नव्हतं. म्हणून त्यांनी झोपायच्या जागा वाटून घेतल्या, जेवणाची पाळी लावली. वेअरडेलमधल्या एकट्या म्हातारीला हे करता आलं नाही.

मदत आली, पण उशिरा, आणि बहुतांशी खालून वर. गावोगावचे सभागृह-हॉल उघडले गेले. हे हॉल गावातले स्वयंसेवकच चालवतात, किल्ली कुणाकडे असते ते सगळ्यांना ठाऊक असतं. जनरेटर, चहाची मोठी किटली, फोन चार्ज करायला लांब वायर, आणि कुणाच्या घरचं चुकूनमाकून आलेलं गरम जेवण. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणि चेन सॉ काढून रस्ते मोकळे केले. ज्यांच्याकडे जनरेटर होता त्यांनी तो तासतासभर शेजाऱ्यांच्या बोअरवर फिरवला. लष्कराचे जवान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दारोदार चौकशीला आले, म्हणजे कित्येक घरांना आठ दिवस होऊन गेल्यावर. ७ डिसेंबरला बारा नावाचं पुढचं वादळ आलं तेव्हाही काही घरं आर्वेनच्याच अंधारात होती.

वीज कंपन्यांकडे वृद्ध, आजारी, ऑक्सिजनवर असलेल्या ग्राहकांची एक यादी असते, त्यांना आधी मदत मिळावी म्हणून. या यादीत नाव स्वतः नोंदवावं लागतं. आणि तिकडच्या जुन्या माणसांचा स्वभाव असा, की ‘आमच्यापेक्षा गरजू कितीतरी असतील, आम्हाला काय धाड भरली आहे’ म्हणून ते नाव देतच नाहीत. कुणाला त्रास द्यायचा नाही, तक्रार करायची नाही, आहे त्यात निभवायचं, या संस्कारावर ती खेडी शतकानुशतकं उभी आहेत. आर्वेनमध्ये नेमका तोच आड आला. जो गप्प बसला तो नियंत्रण कक्षाच्या पडद्यावरही नव्हता आणि यादीतही नव्हता.

नंतर पैशाचा हिशेब झाला. नियम असा होता, की ठराविक मुदत उलटली की ७० पौंड, मग दर १२ तासांना आणखी ७०, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त ७००. इतक्या दिवसांच्या अंधारापुढे ही मर्यादा तोकडी पडली, म्हणून ऑफजेमने या वादळापुरती ती उठवली. लोकांना सुमारे ३ कोटी पौंडांची भरपाई मिळाली, आणि २०२२ च्या जूनमध्ये चौकशी संपल्यावर तीन कंपन्यांनी आणखी १ कोटीच्या आसपास रक्कम देण्याचं मान्य केलं. भरपाईतही तोच धांदरटपणा दिसला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ७४ ग्राहकांना अब्जावधींचे नव्हे, लाखो कोटी पौंडांचे चेक आले. मीटरचा ओळख क्रमांक रकमेच्या जागी छापला गेला होता. लोकांनी फोटो काढले, बातमी झाली, चेक रद्द झाले. आठ दिवस थंडीत काढलेल्या माणसाच्या हातात पडलेला तो कागद म्हणजे आपलं प्रकरण कुणी डोळ्यांखालून घातलेलंच नाही याचा पुरावा होता. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

ऑफजेमच्या शिफारशी योग्य दिशेच्या आहेत: वेळेचा अंदाज खात्रीचा नसेल तर तसं सांगा, वेबसाइट आणि फोन यंत्रणा किती भार पेलतात ते आधी तपासा, मदत लवकर पोचवा, भरपाई लोकांनी मागण्याची वाट पाहू नका. पहिली शिफारस सगळ्यात स्वस्त आहे. तिला नवा खांब लागत नाही, झाड तोडावं लागत नाही. फोनवरच्या कर्मचाऱ्याला ‘आम्हाला अजून माहीत नाही’ असं म्हणायची मुभा द्यावी लागते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तांब्याच्या तारेवरचा फोन ब्रिटनमध्ये बंद होतो आहे. त्याजागी इंटरनेटवरून चालणारा फोन, म्हणजे घरच्या प्लगला लावलेल्या राउटरवर अवलंबून. आर्वेन आणि त्यामागून आलेल्या वादळांनंतर मार्च २०२२ मध्ये बीटी या तिथल्या मोठ्या फोन कंपनीने हा बदल थांबवला, ग्रामीण भागातला संताप मान्य करून. पुढच्या वर्षी काम पुन्हा सुरू झालं. जुनं जाळं पूर्ण बंद करायची तारीख २०२५ च्या अखेरीवरून जानेवारी २०२७ वर गेली आहे. ज्यांना दुसरा मार्ग नाही अशा ग्राहकांना फोन कंपनीने वीज गेल्यावर निदान एक तास तरी चालेल अशी सोय द्यावी, अशी तिथल्या दूरसंचार नियामकाची अपेक्षा आहे. वेअरहेडच्या वरच्या घरात त्या एका तासात १०५ लागला तर ठीक. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आपली तीन घरं अजून अंधारात आहेत हे सांगायला तिथल्या माणसाने फोन कुठून करायचा, याचं उत्तर ना वीज कंपनीच्या योजनेत आहे ना फोन कंपनीच्या. ते आज गावातल्या हॉलच्या किल्लीवाल्याकडे आणि ट्रॅक्टर असलेल्या शेजाऱ्याकडे आहे.